समुद्रांत टाकलेलीं पत्रें व त्यांचा अज्ञात वाचक

गेल्या वर्षीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. हा विद्यार्थी हल्लीं व्यापारी जहाजावर अधिकारी आहे. त्यानें लिहिलें होतें: “गुरुजी, नववीच्या वर्गांत आपण आम्हांस सांगितलें होतें कीं, इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीनें समुद्रांत सांपडलेल्या बाटल्या उघडण्यासाठीं एक स्वतंत्र अधिकारी नेमला होता, व त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणीं बाटली उघडल्यास त्यास देहान्त शासन होई. जहाजावर ही गोष्ट मीं सांगितली, तेव्हां एकानें आधार विचारला. तो कृपा करून कळवावा.”

पत्र वाचून आम्ही आधार शोधावयास बसलों. तो सांपडला, परंतु न सांपडता तर बरें होतें असें वाटण्यासारखा सांपडला. ही गोष्ट व्हिक्टर ह्यूगो या फ्रेंच ग्रंथकाराच्या १८६९ सालच्या ‘हसणारा माणूस’ या कादंबरींतील आहे. तींतील एका खलपुरुषास दरबारांत हें पद मिळतें, व ग्रंथकारानें त्या पदाची परंपरा एलिझाबेथच्या काळापर्यंत नेऊन भिडविली आहे. राणीच्या वेळच्या कागदांतून असा अधिकारी कोणीं दाखविलेला नाहीं. म्हणजे आम्हीं कादंबरी इतिहास म्हणून शिकविली, आणि तीहि एक दोन वर्षें नव्हे. याच जातीची दुसरी एक दंतकथा आहे. अॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस यानें अटलांटिकचें पाणी भूमध्य समुद्रांत येतें हें सिद्ध करण्यासाठीं बाटल्या सोडल्या, असें लोकप्रिय पुस्तकांतून सांगतात. पण त्याच्या उपलब्ध ग्रंथांत तसा उल्लेख नाहीं. हीहि गोष्ट आम्हीं वर्गांत सांगितली होती कीं नाहीं, हें सुदैवानें आम्हांस आठवत नाहीं.

या फजितीचा एक उपयोग झाला. बाटलींत घालून समुद्रांत सोडलेलें पत्र हें आजकाल काव्यांत व व्याख्यानांत नेहमीं येणारें उपमान आहे. एकाकी मनुष्यानें कोणा अज्ञातास मारलेली आर्त हांक, असा त्याचा रूढ अर्थ. हा अर्थ खरोखरीच्या पत्रांशीं कितपत जुळतो, हें उपलब्ध पुराव्यावरून पाहावें असें मनांत आलें.

विश्वसनीय आधार असलेल्या पत्रांत कोलंबसाचें पत्र प्रथम घेतलें पाहिजे. पहिल्या सफरीवरून परत येत असतां १४९३ सालच्या फेब्रुवारींत अॅझोर्स बेटांच्या बाजूस त्याच्या ‘निन्या’ या जहाजास भयंकर वादळ लागलें, व बरोबरचें ‘पिंटा’ जहाज त्याच वादळांत दिसेनासें झालें. कोलंबसाची मूळ रोजनिशी नष्ट झाली आहे. बार्तोलोमे दे लास कासास यानें केलेला तिचा संक्षेप तेवढा राहिला आहे, आणि त्यांत १४ फेब्रुवारीच्या नोंदींत ही हकीकत येते. खलाशांनीं नवस केले. यात्रेस कोणीं जावें हें ठरविण्यासाठीं माणसांच्या संख्येइतके हरभरे एका टोपींत घातले, एकावर सुरीनें क्रूस कोरला, आणि तोच हरभरा खुद्द कोलंबसाच्या हातीं आला. त्यानंतर त्यानें आपल्या शोधाची हकीकत चर्मपत्रावर लिहिली, ज्यास हें सांपडेल त्यानें तें राजाराणीस पोंचवावें अशी विनंती केली, चर्मपत्र मेणकापडांत घट्ट बांधलें, लांकडी पिपांत घातलें आणि पीप समुद्रांत टाकविलें. पिपांत काय आहे हें खलाशांस ठाऊक नव्हतें; हाहि एखादा नवसच असावा असें त्यांस वाटलें. नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ देणाऱ्या आमच्या किनाऱ्यावरील कोळ्यांस या समजाचें नवल वाटणार नाहीं. कोलंबसाचा मुलगा फर्नांदो याच्या नांवावर असलेल्या चरित्रांत अधिक माहिती अशी आहे कीं, तसेंच दुसरें एक पीप जहाजाच्या पिछाडीच्या उंच भागावर ठेविलें होतें. हेतु हा कीं, जहाज बुडालें तरी तें तरंगत राहावें.

जहाज बुडालें नाहीं, व पीपहि आजवर सांपडलेलें नाहीं. परंतु जो कागद सर्वांस हवा असतो तो कोणी तरी तयार करतोच. अमेरिकेच्या शोधास चारशें वर्षें झालीं त्या सुमारास जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ शहरीं कोलंबसाची ‘गुप्त रोजनिशी’ म्हणून एक पुस्तक निघालें. ती वेल्सच्या किनाऱ्यालगत एका कोळ्यास सांपडली अशी कथा तिजबरोबर होती. तिची भाषा इंग्रजी! जिनोव्हांत जन्मलेल्या मनुष्यानें कॅस्टाइलच्या राजाराणीस मरणाच्या दारांतून इंग्रजींत लिहावें, यावर काय बोलावें? आपल्याकडे बनावट सनदा तयार करणारे लोक निदान भाषा तरी नेमकी निवडीत असत.

कोलंबसाच्या या पत्रांत ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, तें अज्ञातास लिहिलेलें नाहीं. वाचक ठरलेला आहे. अनिश्चित आहे तो केवळ वाहणारा. संस्कृत वाङ्मयाच्या परिभाषेंत बोलावयाचें तर हें दूतकाव्याच्या जातीचें प्रकरण झालें. यक्षाचा निरोप अलकेंतील एका विशिष्ट स्त्रीस आहे, आणि दूत तेवढा अचेतन मेघ आहे. भामहानें आपल्या ‘काव्यालंकारा’ंत अशा दूतांवर आक्षेप घेतला आहे. मेघ, वारा, चंद्र यांस वाणी नाहीं; त्यांनीं दूरदेशीं जाऊन निरोप सांगावा हें युक्तीस धरून नाहीं; उत्कंठेनें वेड्या झालेल्या माणसाच्या तोंडीं असेल तर मात्र चालेल, अशी सवलत तो देतो. कोलंबसाचें पीप भामहाच्या आक्षेपांतून सुटतें, कारण समुद्रानें बोलावयाचें नसून फक्त वाहावयाचें आहे. तरी पण टपालाच्या थैलीवर आपण जितका विश्वास ठेवितों तितका समुद्रावर ठेवणारा मनुष्य थोडासा उत्कंठेनें वेडा असलाच पाहिजे, हें भामहाचें म्हणणें खोटें ठरत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत या पत्रांचा उद्देश अजीबात पालटला. समुद्रांतील प्रवाह कोणत्या दिशेनें वाहतात हें कळावें म्हणून दर्यावर्दी लोक मुद्दाम बाटल्या सोडूं लागले. इंग्रज आरमारांतील बेचर नांवाच्या अधिकाऱ्यानें अशा बाटल्यांचे मार्ग दाखविणारा अटलांटिकचा नकाशा १८४३ सालीं प्रसिद्ध केला. जर्मनींत नॉयमायर या शास्त्रज्ञानें १८६४ पासून हाच उद्योग मोठ्या प्रमाणावर चालविला. जहाजांच्या कप्तानांस छापील कागद दिलेले असत. कप्तानानें त्यावर जहाजाचें नांव, तारीख व अक्षांश-रेखांश लिहून बाटली समुद्रांत टाकावयाची, आणि ज्यास ती सांपडेल त्यानें कागदाच्या दुसऱ्या बाजूस सांपडल्याचें ठिकाण व दिवस लिहून तो हँबुर्गच्या सागरी वेधशाळेकडे अथवा जवळच्या जर्मन वकिलाकडे धाडावयाचा. हजारों बाटल्या टाकल्या गेल्या; परत आलेले ६६२ कागद हँबुर्ग येथें जपून ठेविलेले आहेत.

यांपैकीं एक बाटली आपल्याच महासागरांतील आहे. २०१८ च्या जानेवारींत पश्चिम ऑस्ट्रेलियांत वेज आयलंड या ठिकाणाजवळ वाळूंत जिन नांवाच्या मद्याची एक जुनी डच बाटली सांपडली. बूच नाहींसें झालेलें, आंत वाळू शिरलेली, आणि दोऱ्यानें बांधलेली ओलसर कागदाची सुरळी. कागदावर १२ जून १८८६ ही तारीख व ‘पाउला’ हें जहाजाचें नांव होतें. हें जहाज कार्डिफहून मकासरला चाललें होतें, व बाटली टाकली तेव्हां तें किनाऱ्यापासून सुमारें ९५० किलोमीटर दूर होतें. वृत्तपत्रें “१३१ वर्षांची बाटली” म्हणून नाचलीं. आम्हांस कौतुक वाटलें तें तेथील संग्रहालयाच्या संशोधकांनीं केलेल्या शहानिशेचें. त्यांनीं बाटलीचा घाट तपासला, कागद तपासला, आणि जर्मनींतील दप्तरांतून ‘पाउला’च्या कप्तानाची हवामानाची नोंदवही मिळविली. तींत १२ जून १८८६ रोजीं बाटली टाकल्याची नोंद आहे; स्थळाचे आंकडे तेच, व हस्ताक्षरहि जुळतें. बाहेरून आलेला कागद आणि दप्तरांत राहिलेला कागद एकमेकांस साक्ष देतात तेव्हां संशोधकास जें समाधान होतें, तें या मंडळींस एका दारूच्या बाटलीनें दिलें.

आतां या कागदांचें स्वरूप पाहा. त्यांत आर्त हांक नाहीं. किंबहुना लिहिणाऱ्यास सांगावयाचेंच कांहीं नाहीं. तो बाटली कोठें टाकली एवढेंच सांगतो, व तें त्यास आधींच ठाऊक आहे. खरा मजकूर मागील बाजूचा, आणि ती बाजू कोरी आहे. वाचकानें दोन ओळी लिहिल्या म्हणजे पत्र पुरें होतें. तोंपर्यंत तो केवळ एक प्रश्न असतो. रूढ उपमेंत वाचक हा निव्वळ ऐकणारा असतो. प्रत्यक्षांत तो निम्म्याहून अधिक लेखक होता.

असाच एक प्रश्नाचा छापील कागद पुढें भलत्याच कामीं आला, व आमच्या मतें या सर्व वाङ्मयांत त्याच्या तोडीचा दुसरा कागद नाहीं. सर जॉन फ्रँकलिन हा ‘एरेबस’ व ‘टेरर’ अशीं दोन जहाजें घेऊन उत्तर अमेरिकेच्या वरून पॅसिफिकांत जाण्याचा मार्ग शोधण्यासाठीं १८४५ च्या मे महिन्यांत इंग्लंडहून निघाला. त्यांपैकीं १२९ माणसें परत आलीं नाहींत. त्यांचा शोध पुष्कळ वर्षें चालला. अखेर १८५९ च्या मे महिन्यांत, फ्रँकलिनच्या पत्नीनें धाडलेल्या मॅक्लिंटॉकच्या तुकडींतील हॉब्सन नांवाच्या अधिकाऱ्यास किंग विल्यम बेटावर दगडांच्या एका राशींत पत्र्याचें नळकांडें सांपडलें, व त्यांत हा कागद होता. तो बाटलींत घालून समुद्रांत टाकण्यासाठीं इंग्रज आरमार-खात्यानें छापलेला नमुना होय. ज्यास हा सांपडेल त्यानें ठिकाण व दिवस लिहून लंडनला खात्याच्या चिटणिसाकडे पाठवावा, ही विनंती त्यावर इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, डच, डॅनिश व जर्मन अशा सहा भाषांत छापलेली आहे.

त्याच्या कोऱ्या जागेंत २८ मे १८४७ या तारखेचा, लेफ्टनंट गोर याच्या सहीचा मजकूर आहे: जहाजें बर्फांत आहेत, सर्व क्षेम आहे. त्यानंतर अकरा महिन्यांनीं, २५ एप्रिल १८४८ रोजीं, कोणी तरी तें नळकांडें उघडून तोच कागद बाहेर काढला. कोरी जागा उरली नव्हती. म्हणून फिट्झजेम्स या अधिकाऱ्यानें चारी बाजूंच्या समासांत कागद फिरवीत फिरवीत लिहिलें. १२ सप्टेंबर १८४६ पासून जहाजें बर्फांत अडकलीं होतीं. तीं २२ एप्रिलला सोडून दिलीं. फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजीं वारला. आजपर्यंत नऊ अधिकारी व पंधरा खलाशी मेले. १०५ माणसें किनाऱ्यावर आलीं. शेवटीं क्रोझियर यानें आपल्या हातानें उद्यां दक्षिणेकडील बॅक नदीकडे निघत असल्याचें लिहून ठेविलें आहे. म्हणजे ‘सर्व क्षेम’ आणि सर्वनाश हीं दोन्हीं एकाच कागदावर. पहिल्याचा समास तोच दुसऱ्याचा मजकूर. फ्रँकलिनचा मृत्यु पहिल्या मजकुरानंतर अवघ्या चौदा दिवसांनीं झालेला आहे.

या कागदांत एक चूक आहे. पहिल्या मजकुरांत बीची बेटावरील हिवाळी मुक्काम १८४६-४७ चा म्हणून लिहिला आहे, व तो असणें शक्य नाहीं. कारण याच कागदाप्रमाणें १८४६ च्या सप्टेंबरांत जहाजें दुसरीकडे अडकलेलीं होतीं. शिवाय बीची बेटावर १८५० सालीं तीन कबरी सांपडल्या होत्या, व त्यांवर १८४६ च्या जानेवारी व एप्रिल महिन्यांतील तारखा आहेत. मुक्काम १८४५-४६ चा होता हें उघड आहे. बरें, हाच पहिला मजकूर असलेला दुसरा एक कागद हॉब्सनला त्याच बेटावर अन्यत्र सांपडला. त्यावर समासांतील मजकूर नाहीं, पण हीच चूक जशीच्या तशी आहे. एखाद्यानें दोन कागद एकच साल सांगतात म्हणून तेंच खरें, असें म्हटलें तर आपण हंसूं. परंतु पोथ्यांच्या बाबतींत आपले विद्वान हेंच करितात. एका मूळावरून उतरलेल्या दोन प्रती म्हणजे दोन साक्षी नव्हेत. येथें कबरींवरील अक्षरांनीं कागदाची चूक उघडी पाडली, आणि ती करणारे लोक त्या प्रसंगांत स्वतः होते. स्वतःच्या मागल्या हिवाळ्याचें साल चुकलेल्या साक्षीदारांवर आम्हांस राग येत नाहीं; समकालीन कागद म्हणजे निर्दोष कागद, असें मानणाऱ्यांवर मात्र येतो.

दुसरी गोष्ट अधिक मोठी आहे. सहा भाषांत ती विनंती छापली. पण त्या बेटावर येणेंजाणें असलेल्या इनुइट लोकांची भाषा त्यांत नव्हती. ज्यांच्या हातीं कागद पडण्याचा संभव सर्वांत अधिक, त्यांचाच विचार झाला नाहीं. आणि त्यांस तर सर्व माहिती होती. जॉन रे नांवाच्या प्रवाशास त्यांनीं १८५४ सालींच, म्हणजे कागद सांपडण्याच्या पांच वर्षें आधीं, सांगितलें होतें कीं, चाळीसएक गोरे लोक होडी ओढीत दक्षिणेस जातांना दिसले, पुढें त्यांचीं प्रेतें आढळलीं, व उपासमारीनें त्यांच्यांतील कांहींनीं मेलेल्यांचें मांस खाल्लें होतें. इंग्लंडांत हें ऐकून संताप उसळला. डिकन्ससारख्या थोर लेखकानें त्याच वर्षीं आपल्या साप्ताहिकांत रानटी लोकांच्या सांगीवर विश्वास कसा ठेवावा, अशा अर्थाचे लेख लिहिले. पुढें हाडांवरील सुरीच्या खुणांनीं ती सांगी खरी ठरली. २०२४ सालीं अशा खुणा असलेलें एक जबड्याचें हाड दूरच्या नातलगाच्या जनुकांशीं ताडून ओळखण्यांत आलें. तें समासांत लिहिणाऱ्या फिट्झजेम्सचें होतें. २०१४ सालीं ‘एरेबस’ व २०१६ सालीं ‘टेरर’ हीं बुडालेलीं जहाजें सांपडलीं, तीं शोधतांनाहि इनुइटांच्या माहितीचा उपयोग झाला. कागद कीं तोंडची परंपरा, हा वाद आपल्याकडे बखरींच्या निमित्तानें पुष्कळ माजला, व त्यांत आम्हीं नेहमींच कागदाची बाजू घेत आलों. हें प्रकरण वाचल्यापासून ती बाजू आम्ही पूर्वींइतक्या जोरानें मांडीत नाहीं.

आतां उपमेकडे वळूं. एडगर पो याची बाटलींतील हस्तलिखिताची कथा १८३३ ची. फ्रेंच कवि व्हिन्यी यानें १८४७ त बाटलीवर दीर्घ कविता रचली, ती १८५४ त प्रसिद्ध झाली; बुडत्या जहाजाचा कप्तान तींत आपलें ज्ञान बाटलीच्या स्वाधीन करतो. झूल व्हेर्नच्या ‘कॅप्टन ग्रँटचीं मुलें’ या कादंबरींत पत्र तीन भाषांत आहे, तिन्ही प्रती पाण्यानें खाल्लेल्या आहेत, अक्षांश वाचतां येतो व रेखांश गेला आहे. मग एक भूगोलपंडित गाळलेल्या जागा आपल्या बुद्धीनें भरून साऱ्या मंडळींस पृथ्वीप्रदक्षिणा घडवितो. शिलालेखांतील त्रुटित अक्षरें भरणाऱ्या प्रत्येकानें ही कादंबरी एकदां वाचावी.

या उपमानास काव्यशास्त्राचें रूप दिलें तें रशियन कवि मांडेलश्टाम यानें, १९१३ सालच्या एका निबंधांत. कवि जवळच्या मित्रास उद्देशून लिहीत नाहीं. ज्यास तें सांपडेल तोच त्याचा गुप्त वाचक, असें त्याचें म्हणणें. जर्मन भाषेंत लिहिणारा कवि पाउल सेलान यानें १९५८ सालीं ब्रेमेन येथील भाषणांत हाच विचार पुन्हा घेतला. संस्कृत शिकलेल्या मनुष्यास यांत नवें वाटण्याजोगें फारसें नाहीं. भवभूतीनें ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेंत, समकालीनांच्या अवज्ञेस उत्तर देतांना, आपला समानधर्मा कधीं तरी कोठें तरी जन्मेल, काळास अंत नाहीं व पृथ्वी मोठी आहे, असें म्हणून ठेविलें आहे. भवभूतीची बाटली काळांतून जाते, व्हिन्यीची समुद्रांतून. ताम्रपट करविणाऱ्या राजांनाहि हें ठाऊक होतें. आपलें दान चालवावें म्हणून ते पुढें होणाऱ्या राजांची विनवणी करितात, आणि तीं अक्षरें राजांऐवजीं नांगरणाऱ्या कुणब्याच्या हातीं येतात. मांडेलश्टामची गोष्ट मात्र त्याच्या उपमेस सोडून घडली. तो १९३८ सालीं व्लाडिव्होस्टॉकजवळच्या छावणींत मेला. त्याच्या पुष्कळ कविता त्याच्या पत्नीनें तोंडपाठ करून राखल्या. कागद घरीं ठेवणें धोक्याचें होतें. वेद जसे टिकले तशाच त्या टिकल्या, मुखानें.

आणखी एकच बाटली सांगावयाची आहे. ऑशवित्झच्या छावणींत झालमान ग्रादोव्स्की नांवाच्या ज्यू कैद्यास प्रेतें जाळण्याच्या कामावर लाविलें होतें. त्यानें चोरून लिहिलें, लिहिलेली वही व ६ सप्टेंबर १९४४ चें पत्र अॅल्युमिनियमच्या कुपींत घालून भट्टीजवळच्या जमिनींत पुरलें, आणि ऑक्टोबरांतील बंडांत तो मारला गेला. १९४५ च्या मार्चमध्यें ती कुपी उकरून काढण्यांत आली. वही आज सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय संग्रहालयांत आहे. वहीच्या आरंभीं पोलिश, रशियन, फ्रेंच व जर्मन अशा चार भाषांत विनंती आहे, आणि ती राजास नाहीं, देवास नाहीं, अमक्या आप्तास नाहीं. यांत इतिहासकारास भरपूर सामग्री आहे, तरी या कागदाकडे लक्ष द्यावें, असा तिचा आशय आहे. सोबतच्या पत्रांत, अशाच आणखीहि वस्तु पुरल्या आहेत, इंच न इंच जमीन शोधावी, असें सांगितलें आहे. आमच्या धंद्यास नांव घेऊन लिहिलेलें बाटलींतील पत्र आमच्या पाहण्यांत हें एवढेंच. तें वाचल्यावर एलिझाबेथ राणीच्या अधिकाऱ्याची गोष्ट आपण किती सहज सांगितली होती, याची लाज आम्हांस दुसऱ्यांदा वाटली.

विद्यार्थ्यास आम्हीं उत्तर लिहिलें. गोष्ट कादंबरींतील आहे, वर्गांत सांगितली ही चूक आमची आहे, कोलंबसाचें पीप मात्र खरें आहे व तें अद्याप सांपडावयाचें आहे, असें कळविलें. त्याच्या वर्गांतील दुसऱ्या मुलांचे पत्ते आमच्यापाशीं नाहींत. त्यास ज्यांचे ठाऊक असतील त्यांस ही दुरुस्ती पोंचवावी, अशी त्यास विनंती केली. त्याचें जहाज त्या वेळीं मकासरच्या सामुद्रधुनींत होतें, असें त्याच्या पुढील पत्रावरून समजलें. दोघांस कळविल्याचें त्यानें लिहिलें आहे.